साडीच्या वरचं तोंड

पुलगावला आमच्या दुकानात साडी घ्यायला आलेली बाई साडीकडे फार वेळ बघत नसे. साडी ती दाखवणाऱ्या केशवभाऊंच्या अंगावर असायची आणि बाईची नजर केशवभाऊंच्या तोंडावर. हे वाचून कोणाला गंमत वाटेल, पण आम्हा दुकानातल्या माणसांचं पोट बरंचसं त्या तोंडावर चालत होतं. म्हणून ते तोंड उतरायला लागलं तेव्हा मी जेवढा घाबरलो, तेवढा माझे स्वतःचे केस गळताना घाबरलो नव्हतो. आणि केस तर माझे तिशीतच गेले.

मी शर्टिंग-सूटिंगच्या काउंटरला होतो. डी.एड. करून नोकरीची वाट बघत कापड फाडत बसलेला माणूस, म्हणून केशवभाऊ मला 'मास्तर' म्हणायचे. माझा काउंटर आणि त्यांची गादी समोरासमोर. पांढऱ्या चादरीची लांबलचक गादी, मागे छताला भिडलेलं साड्यांचं कपाट, आणि बाजूच्या भिंतीला माणसाच्या उंचीचा आरसा. मी नव्वदनंतर कधीतरी तिथे लागलो तेव्हा ते पंचेचाळिशीचे असतील. गोरे, सडपातळ, अंगात पांढरा पायजमा आणि बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट. दुसऱ्या रंगाचा शर्ट त्यांनी कधी घातला नाही. साडीचा रंग खराब दिसतो म्हणायचे.

साडी दाखवायची त्यांची रीत अशी. आधी गादीवर झुळकन उलगडायची. बाईचा हात कापडावर दुसऱ्यांदा गेला की केशवभाऊ उभे राहायचे, एक टोक कमरेला खोचायचे, बोटांनी भराभर निऱ्या करायचे आणि पदर खांद्यावर टाकून आरशाकडे वळायचे. साडी दाखवणारी माणसं असं करतातच, त्यात नवल नाही. नवल पुढे होतं. 'छान दिसते', 'तुम्हाला खुलेल' हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. ते भाव सांगायचे, सूत सांगायचे, धुवायची कशी ते सांगायचे, आणि गप्प व्हायचे. मग जे काय सांगायचं ते त्यांचं तोंड सांगायचं. साडी आवडली असेल तर गाल वर जायचे, डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडायच्या, आणि हा मिशीवाला पुरुष त्या पदराखाली क्षणभर कोणाची तरी थोरली बहीण वाटायचा. नसेल आवडली तर खालचा ओठ किंचित सुटायचा. तेवढंच. बाया समजून जायच्या आणि साडी बाजूला सारायच्या.

मोठ्या शेठजींना याचा फार त्रास व्हायचा. एकदा लष्कराच्या दारूगोळा डेपोतल्या कुठल्याशा साहेबांच्या बाईंनी दुकानातली सगळ्यात भारी साडी काढायला लावली. जांभळी, सोनेरी काठांची. केशवभाऊंनी अंगावर घेतली आणि ओठ सुटला. बाईंनी विचारलं, "क्यों भैया, मुँह क्यों बनाया?" केशवभाऊ म्हणाले, "नहीं मेमसाब, मेरा मुँह ही ऐसा है." बाई हसल्या आणि साधी फिकट पिवळी घेऊन गेल्या. शेठजींनी त्या दिवशी चहा नाकारला, म्हणजे राग किती असेल ते समजा. आठवड्याभरात त्याच बाई डेपोतल्या मैत्रिणींची जीप भरून घेऊन आल्या आणि दारातूनच विचारलं, "वो मुँहवाले भैया हैं क्या?" शेठजींनी मग चहाही घेतला आणि केशवभाऊंना बोलणंही सोडलं.

या तोंडाची ते निगाही तशीच राखायचे. दुकानात सगळे तंबाखू-सुपारीचा खर्रा खायचे, केशवभाऊ नाही. उन्हाळ्यात घर ते दुकान छत्री. रविवारी बेसन आणि दही. त्यांच्या घरी मी गेलो की विमलवहिनी म्हणायच्या, "तुमच्या भाऊले माह्यापेक्षा जास्त आरसा लागते. लग्नात मले वाटलं होतं, मी नवरी आहो." केशवभाऊ त्यावर हसायचे आणि हसून झालं की नकळत बोटाने गाल चाचपायचे, सगळं जागच्या जागी आहे ना बघितल्यासारखे.

त्यांच्या गिऱ्हाइकांत रोहण्याच्या सुमनबाई होत्या. नवरा बापूराव भाजीपाला लावायचे, वांगी, भेंडी, मिरची, आणि पुलगावच्या बाजाराला आणायचे. सुमनबाई वर्षातून दोनदा यायच्या, पोळ्याच्या आधी आणि संक्रांतीच्या आधी, आणि येताना पिशवीभर वांगी केशवभाऊंसाठी आणायच्या. माहेरी त्यांचं कोणी उरलं नव्हतं. केशवभाऊंना त्या नुसतं भाऊ म्हणत नसत, एका राखीच्या सुमाराला त्यांनी गादीवरच राखी बांधली होती. भावाकडे बघायच्या, साडीकडे बघायच्याच नाहीत, आणि "हे द्या" किंवा "हे राहू द्या" एवढंच बोलायच्या.

दोन हजार साल उलटून गेल्यावर, एका संक्रांतीच्या आधी केशवभाऊंनी त्यांच्यासाठी एक साडी बाजूला काढून ठेवली होती. हिरवी, ओल्या पोपटी पानाची छटा, लाल बारीक काठ. मला दोनदा दाखवून झाली होती. "मास्तर, सुमनबाईले हे पाह्यजो कशी दिसते." बाई आल्या, भाऊंनी साडी अंगावर घेतली, आरशाकडे वळले. सुमनबाईंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "राहू द्या भाऊ. तुमालेच नाई आवडली."

केशवभाऊ तसेच उभे राहिले. बाई दुसरी साडी घेऊन गेल्या. दुकान रिकामं झाल्यावर ते माझ्या काउंटरशी आले. आवाज अगदी खाली होता.

"मास्तर, मले आवडली होती."

"मग?"

"तोंडानं नाई म्हटलं ना."

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. रोज बघत असल्यामुळे जे दिसत नव्हतं ते त्या दिवशी दिसलं. गाल खाली आले होते. ओठांच्या दोन्ही टोकांपासून हनुवटीपर्यंत दोन घड्या पडल्या होत्या, आणि जबड्याच्या कडेला कातडी लोंबायला लागली होती. माणूस खूश असला तरी नाराज दिसत होता. वय झालं की कोणाचंही असंच होतं, माझ्या वडिलांचंही झालं होतं. पण माझ्या वडिलांचं तोंड बघून कोणी साड्या घेत नव्हतं.

त्या दिवसापासून मला दुसरा उद्योग राहिला नाही. समोर गादीवर बाई बसली की माझ्या हातातली कैची थांबायची. भाऊंना साडी आवडलीय हे मला कळायचं, कारण मला त्यांची मान ठाऊक होती, त्यांचे हात ठाऊक होते. आणि बाई साडी परत ठेवायची. एक लहान पोर आईला मोठ्याने म्हणाली, "आई, ते बाबा काऊन रागावले आपल्यावर?" भाऊंनी पोरीला गोळी दिली. पण दुपारी मी बघितलं, आरशापुढे उभे राहून ते दोन बोटांनी दोन्ही गाल कानाकडे ओढून धरत होते. बोटं काढली की गाल खाली. पुन्हा ओढायचे, पुन्हा सोडायचे.

त्यात मोठे शेठजी थकले आणि गल्ल्यावर त्यांचे चिरंजीव नितीनशेठ बसायला लागले. माणूस वाईट नव्हता. पण त्यांनी नागपूरची दुकानं बघितली होती आणि तिथे काचेमागे पुतळे होते. एकदा ते सगळ्यांदेखत म्हणाले, "केशवभाऊ, या दसऱ्याले पुतळे आणू म्हन्तो. तुमी आता वर बसा, फॉल-अस्तर पाहा. किती दिवस उभं राहान?" वर म्हणजे माळ्यावर. तिथे पंखाही धड फिरत नव्हता, आणि तिथे एकही आरसा नव्हता. भाऊ "हो" म्हणाले आणि घडी घातलेलीच साडी पुन्हा घडी घालत बसले.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी मला वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीतलं एक पान दाखवलं. चेहरा न कापता, दोरा घालून वर उचलतात, असं काहीतरी त्यात लिहिलं होतं. मी पान घडी घालून परत दिलं.

"भाऊ, हे सिनेमातल्या लोकायचं काम आहे."

"त्यायचंबी तोंडच चालते, माह्यंबी तोंडच चालते. तू चाल फक्त संगं. मले डॉक्टर काय म्हन्ते ते अर्धं समजन, अर्धं तू समजून घेजो."

असे आम्ही नागपूरला गेलो. वहिनींना काय सांगितलं ते मी विचारलं नाही. डॉक्टर एक बाई होत्या, पन्नाशीच्या, शांत. भाऊंचं सगळं ऐकून त्या हसल्या नाहीत, याचं मला बरं वाटलं. त्यांनी भाऊंना खिडकीच्या उजेडात बसवलं, गाल वर उचलून बघितले, सोडून बघितले. मग त्या सावकाश समजावून सांगू लागल्या. वयाबरोबर कातडी सैल होते तेवढंच नसतं, गालातली चरबी खाली सरकते आणि आतला आधारही ढिला पडतो. मोठ्या शस्त्रक्रियेत कानाच्या पुढून मागून कापतात, कातडी उचलतात, आतला थर ताणून शिवतात आणि उरलेली कातडी काढून टाकतात. भूल पूर्ण, बरं व्हायला वेळ, पण टिकतं बरीच वर्षं. छोट्यात कापाकापी जवळजवळ नसते. कानशिलाजवळ केसांत बारीक छिद्र, तेवढीच जागा बधिर करायची, आणि सुईने कातडीखाली दोरा न्यायचा. त्या दोऱ्याला बारीक काटे असतात. ते आत रुतून बसतात, आणि दोरा वर ओढला की गाल वर येतो. त्याच दिवशी घरी.

"गोखरू पायजम्याले धरते तसं," भाऊ म्हणाले.

"तसंच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण हा पक्का टाका नाही. कापड तेच राहतं, आपण ते फक्त वर टाचतो. वर्ष, दोन वर्षं. कोणाचं त्याहूनही कमी. सूज येते, काळंनिळं होतं, कधी खळगा पडतो, कधी दोन्ही बाजू सारख्या येत नाहीत. आणि मी तुम्हाला करा म्हणत नाहीये. तुमच्या वयाला तुमचा चेहरा चांगला आहे."

"वयाले चांगला आहे मॅडम. साडीले नाई."

 त्यांनी मग रक्तदाब, साखर, तंबाखू, रक्त पातळ करायची गोळी, सगळं विचारलं. शेवटी जे सांगितलं ते मी मनात कोरून ठेवलं. तीन आठवडे तोंड मोठं उघडायचं नाही. कडक चावायचं नाही. मोठ्याने हसायचं नाही. कुशीवर झोपायचं नाही. गाल चोळायचा नाही. दोऱ्याभोवती आतली जागा धरेपर्यंत तो निसटू शकतो.

"रडायचंबी नाई?" भाऊंनी विचारलं.

"रडायचं कशाला?" त्या म्हणाल्या.

दिवस भाऊंनी स्वतः ठरवला. गणपती उठल्यावर लगेच. कारण पुढे पितृपंधरवडा, आणि त्या पंधरवड्यात नवं कापड कोणी घेत नाही. वर्षभरात आमच्या दुकानात माशा मारायचे दिवस तेवढेच. साडी अंगावर घ्यायची वेळच येणार नाही, नवरात्रात घट बसेपर्यंत तोंड तयार. मी म्हटलं, भाऊ, पंधरवडा म्हणजे दोन आठवडे झाले, बाईंनी तीन सांगितलेत. ते म्हणाले, "शिंपी तारीख वाढवून सांगते का नाई? तशीच तेबी सांगते." 

ज्या दिवशी झालं त्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसून होतो. ते आतून चालत आले, गालांवर पट्ट्या, तोंड सुजलेलं. दुपट्टा बांधून आम्ही परतीच्या गाडीत बसलो. आमच्याकडे उन्हाचा दुपट्टा तोंडाला बांधायची सवय सगळ्यांनाच, त्यामुळे कोणी बघितलंही नाही. गाडी सुटल्यावर ते दात न उघडता म्हणाले, "मास्तर, दुखलं नाई. पर दोरा जाताना आवाज येते. कापडातून सुई जाते तसा. फक्त आतून."

मी खिडकीबाहेर बघितलं. आणखी काही ऐकायची माझी तयारी नव्हती.

दुकानात दाढ काढली म्हणून सांगितलं. पहिले काही दिवस सूज होती, मग ती उतरली आणि खरंच सांगतो, चमत्कार वाटला. घड्या भरल्या होत्या. गाल पुन्हा गालांच्या जागी. नितीनशेठसुद्धा म्हणाले, "दाढ काढून तर तुमी जवान झाले, भाऊ." भाऊंनी हसू नाकातून सोडलं. पण माझा जीव सारखा टांगणीला. त्या पंधरवड्यात घरोघरी जेवणं, आणि भाऊंना मान देणारी घरं पुष्कळ. वडे आले की ते म्हणायचे, दाढ आहे. नुसती खीर प्यायचे. दुकानात पोरं विनोद सांगायला लागली की मी खाकरायचो, विषय बदलायचो. त्यांना जांभई आली की मी काउंटरवरून उडी मारायच्या बेतात. बोलायचे ते ओठ न हलवता. आरशापुढे मात्र दिवसातून कितीदा तरी उभे राहायचे, गालांना हात न लावता.

दुसरा आठवडा सरत आला होता. सर्वपित्री अमावास्या जवळ आली होती आणि मला वाटायला लागलं की निभावलं. दुपारी दारासमोर जीप थांबली. जीपच्या मागच्या बाजूला चादर टाकून काहीतरी होतं, आणि शेजारी दोन माणसं मान खाली घालून बसली होती. त्या वर्षी पोळ्याला सुमनबाई आल्या नव्हत्या. आत आले ते बापूराव. पायात चप्पल नव्हती.

आमच्या दुकानात एक रीत होती. अखेरचं कापड घ्यायला आलेला माणूस गादीवर बसत नाही, उभाच राहतो. त्याला भाव सांगत नाहीत, खोक्यात घालत नाहीत, आणि जाताना 'या' म्हणत नाहीत. असं कापड अंगावर घेऊन तर कधीच दाखवत नाहीत. बापूराव उभेच राहिले तेव्हा सगळं दुकान समजलं. केशवभाऊंना सगळ्यात शेवटी समजलं, कारण ते कपाटाकडे तोंड करून घड्या लावत होते.

"भाऊ," बापूराव म्हणाले, "सुमन गेली. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात होती आठ रोज. घरी घेऊन चाललो." त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. मग म्हणाले, "माहेरचं लुगडं लागते. तिच्या माहेराले कोनी नाई, तुमाले मालूम आहे. ते तुमाले भाऊ म्हने."

 भाऊ खाली वाकले, आणि सगळ्यात खालच्या खणातून, मागच्या बाजूने, ती हिरवी साडी काढली. लाल बारीक काठांची. ती अजून दुकानात होती हे मलाही माहीत नव्हतं. संक्रांतीपासून त्यांनी ती कोणाला दाखवलीच नव्हती.

ती त्यांनी बापूरावांच्या हातात द्यायला पुढे केली. बापूरावांनी हात पुढे केला नाही. ते आरशाकडे बघत होते.

"एकडाव अंगावर घेऊन दाखवा भाऊ. सुमन तसंच पाहे नेहमी."

मी काउंटरमागून बाहेर आलो. नको, असं म्हणायचं होतं, पण कशाकशासाठी नको म्हणणार? रीत म्हणून, की दोऱ्यासाठी? नितीनशेठ गल्ल्यावरून अर्धे उठलेले. केशवभाऊंनी टोक कमरेला खोचलं. निऱ्या केल्या, नेहमीसारख्या भराभर नाही, एकेक. पदर खांद्यावर घेतला आणि आरशाकडे वळले.

साडी सुरेख होती. सुमनबाईंना ती खरंच सुरेख दिसली असती. आरशात भाऊंचं तोंड वर उचललेलं, गुळगुळीत, घड्या नसलेलं, आणि ते काहीच सांगत नव्हतं. बापूराव त्या तोंडाकडे बघत होते. त्यांना काही कळत नव्हतं ते मला दिसलं.

"आवडली असती का जी तिले?" त्यांनी विचारलं.

"मले आवडली होती," भाऊ म्हणाले. "तवाबी आवडली होती बापूराव. त्या दिवशीबी मले लय आवडली होती."

आणि मग ते तोंड उघडून रडले. आमच्याकडे बाया रडतात तसे, पूर्ण तोंड उघडून, आवाज काढून, साडी अंगावर तशीच. बापूरावांनी त्यांना धरलं. मी त्यांचा डावा गाल बघत होतो. लाज वाटते सांगायला, पण मी गालच बघत होतो. रडतारडता एकदा त्यांचा हात झटकन डाव्या कानशिलाकडे गेला, आणि मग त्यांनी तो हात खाली घेतला आणि रडतच राहिले.

साडी त्यांनी स्वतः घडी घातली आणि जीपपर्यंत नेऊन दिली. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता, ती भावाची होती. जीप आर्वी रोडला लागेपर्यंत ते रस्त्यात उभे होते. आत आले तेव्हा डावा गाल उतरला होता. उजवा वर, डावा खाली. चादरीचं एक टोक खिळ्याला राहावं आणि दुसरं सुटावं तसं.

डॉक्टरबाईंनी पुढच्या खेपेला बघून सांगितलं की डाव्या बाजूचा दोरा निसटलाय. लगेच पुन्हा करता येणार नाही, काही महिने थांबू, मग विचार करू. भाऊंनी विचारलं, उजवाही सोडवून देता का, म्हणजे दोन्ही सारखे होतील? त्या म्हणाल्या, तोही आपोआप खाली येईल, वेळ लागेल. दाराबाहेर आल्यावर भाऊ म्हणाले, "अर्धी शिलाई राह्यली मास्तर."  माझ्या डोक्यात दसरा आणि माळा, एवढंच फिरत होतं.

नितीनशेठनी त्या दिवसाबद्दल कधी शब्द काढला नाही. पण पुतळे सांगून ठेवले होते ते आलेच. गोरे गोरे, नाकं सरळ, सगळ्यांचं तोंड एकसारखं. बाया त्यांच्याकडे बघायच्या, पुढे व्हायच्या, पाया पडल्यासारखं कापडाला हात लावायच्या आणि मग इकडेतिकडे बघायच्या. भाऊ माळ्यावर फॉल-अस्तर बघायला लागले. जेवायला खाली यायचे ते डावा गाल भिंतीकडे करून. वहिनींना अखेर सगळं सांगावं लागलं होतं. त्या मला म्हणाल्या, "आता आरसा मलेच मिळते. पर काय करू घेऊन?"

त्या हिवाळ्यात मी दुकान सोडलं. कारंजा (घाडगे)ला सासऱ्यांचं हायवेवर छोटं दुकान होतं, ते बघायला गेलो. जाताना माळ्यावर गेलो तर भाऊ म्हणाले, "येजो मास्तर." 

वर्षभरानंतर, लगनसराईच्या दिवसांत, बायकोला साडी घ्यायला पुलगावला गेलो. खाली गर्दी होती. भाऊ कुठे म्हणून विचारलं तर पोरगा म्हणाला, वर. "पर जागा नाई वर," तो म्हणाला. मला समजलं नाही. जिना चढलो.

माळ्यावर फॉलच्या बंडलांच्या मधोमध एक सतरंजी टाकली होती, कडेला खालून आणलेल्या साड्यांचा ढीग होता, आणि भिंतीला तो खालचाच जुना आरसा टेकवून ठेवला होता. सतरंजीवर बाया दाटीवाटीने बसल्या होत्या. पुढे बापूराव, आणि त्यांच्या शेजारी एक मुलगी, सुमनबाईंच्याच डोळ्यांची. तिच्या लग्नाचा बस्ता होता. भाऊ माझ्याकडे पाठ करून आरशाकडे वळलेले, अंगावर मोरपंखी साडी. पदर त्यांनी खांद्यावरून डोक्यावर घेतला होता आणि डाव्या गालावर ओढून धरला होता. आरशात अर्धंच तोंड दिसत होतं, बरं असलेलं.

मुलगी काही वेळ बघत राहिली. मग उठली, पुढे झाली आणि त्यांच्या गालावरून पदर हळूच बाजूला केला.

"तोंड झाकू नोका मामा. मले मंग साडी कशी कळन?"

भाऊंचा हात पदराकडे गेला आणि मध्येच थांबला. आरशात सगळं तोंड आलं. एक गाल वर, एक खाली, एका बाजूला घडी, दुसऱ्या बाजूला नाही.  मुलगी त्या तोंडाकडे बघत होती, वरचं, खालचं, सगळं. खालच्या ओठाकडे बघत होती.

"नाई," ती म्हणाली, "तुमाले नाई आवडली मामा. दुसरी काढा."

तिला बरोबर कळलं होतं, त्यांची मान मला ठाऊक होती. केशवभाऊ हसले. तोंड पूर्ण उघडून, मोठ्याने, गालाला हात न लावता. मग वळून त्यांनी ढिगातली दुसरी साडी काढली.